आउटबोर्डच्या हेडला बाक आलाय: काचेवर घासू की लेथवर फेस मारून घेऊ?

देवबागचा होडीवाला
आमच्या होडीवर १५ एचपीचं जुनं टू-स्ट्रोक यामाहा आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) आहे, दोन सिलिंडरचं. कर्ली खाडीत मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बंद पडली, लक्षात येईपर्यंत मशीन तापून जाम झालं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, खोललं तर वरचा पिस्टन काळा आणि खालचा धुतल्यासारखा लख्ख. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट जळालंय. स्टीलची पट्टी आडवी ठेवली की मधे फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.१५ मिमीचं पातं आरपार जातं. मालवणातला लेथवाला फेस मारून (बसायची बाजू कातून सपाट करून) देतो म्हणतोय. बाबांनी घेतलेलं मशीन आहे, भंगारात घालणार नाही.

जुना फिटर
लख्ख पिस्टन म्हणजे त्या सिलिंडरात पाणी जात होतं, वाफेनं कार्बन धुतला. ०.१ मिमीपर्यंत बाक चालवून घेतात, तुमचा थोडाच पुढे आहे. तेवढ्यासाठी लेथ नको. तिथे गरजेपेक्षा जास्त धातू उडतो, कम्प्रेशन वाढतं आणि मशीन आणखी तापतं.

काचवाल्याकडून १० मिमी जाड काचेचा तुकडा आणा. वर ४०० चा वॉटर पेपर, भरपूर पाणी. हेडच्या फेसवर आधी मार्करनं आडव्या-उभ्या रेघा मारा. मग इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, हेडच्या वजनावरच, वरून दाबायचं नाही. वीसेक फेऱ्या झाल्या की हेड पाव वळण फिरवून धरा, नाहीतर तुमच्या उजव्या हाताचा कल फेसवर उतरतो. कडेच्या रेघा आधी जातील, मधल्या पट्टीवरची सगळ्यात शेवटी. ती गेली की थांबा आणि ६०० नं शेवटचा हात मारा. ब्लॉकच्या (हेड ज्यावर बसतं त्या भागाच्या) फेसवरही पट्टी ठेवून बघाच.

हर्णैकर
दादा, इंपेलर (पाणी वर ढकलणारं पंपातलं रबरी चाक) बदललात का? त्याची तुटलेली पाती वर पाण्याच्या वाटेत अडकतात, तीही शोधून काढा. जॅकेटमधलं (सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीतलं) मीठ खरवडा. ते राहिलं तर नवा फेसही वाकेल.

देवबागचा होडीवाला
दोन संध्याकाळी गेल्या. आता ०.०५ चं पातंही शिरत नाही. इंपेलरचं एक पातं खरंच थर्मोस्टॅटखाली सापडलं. ब्लॉकवर पाण्याच्या भोकाजवळ मिठानं खाल्लेला खड्डा आहे, डाळीच्या दाण्याएवढा.

जुना फिटर
सिलिंडरभोवतीच्या गॅस्केटच्या कड्याखाली येतो का ते जुनं गॅस्केट ठेवून बघा. बाहेर असेल तर तसाच राहू द्या. कड्याखाली असेल तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून पुन्हा घासावं लागेल. आवळताना नवं गॅस्केट, टॉर्क पाना, मधल्या बोल्टपासून बाहेर, दोन फेऱ्यांत.