शाळेच्या पथनाट्यांतून नक्की कोण जागं होतं?

रामबागकर
स्पष्टच लिहितो. शाळांनी पोरांना चौकाचौकांत उभं करून ‘जनजागृती’ करून घेणं आता पुरे करावं, या मतावर मी आलोय. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी वाचा.

गेल्या महिन्यात भाचीच्या शाळेचं पथनाट्य इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, होतं. विषय प्लास्टिक आणि नदी. आठवीची पोरं, काळे टी-शर्ट, कमरेला लाल ओढण्या, एक डफली. ‘सुनो सुनो’ने सुरुवात, मध्ये नदीमाता रडते, शेवटी हात पुढे करून सगळ्यांना शपथ. तिथेच एक जामफळवाला, म्हणजे पेरूवाला, गाडी लावून उभा होता. एका मुलीने पाठ केलेल्या संवादाप्रमाणे त्याच्याकडे बोट दाखवलं, ‘आप हैं नदी के हत्यारे!’ तो शांतपणे म्हणाला, ‘बिटिया, कागज़ की थैली दो रुपये की पड़ती है. तू देगी?’ पोरगी गडबडली, बाईंकडे बघायला लागली. बाईंनी डफलीवाल्याला खूण केली, डफली सुरू झाली, लोक हसले. सबंध कार्यक्रमात विचारण्यासारखा एकच प्रश्न निघाला, तोही बाहेरच्या माणसाने विचारला, आणि त्यावर आपण डफली वाजवली.

नदीमातेच्या डोक्यावर मुकुट होता थर्मोकोलचा. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. शाळेत कुणाला माहीत नव्हतं, की माहीत असून चालवून घेतलं, देव जाणे.

आणि मागे वाहत होती ती खान नदी. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडलं जात नाही, असा दाखला. तरीही हीच खान उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळू नये, म्हणून २०२८ च्या सिंहस्थाआधी तिचं पाणी बंदिस्त पाइपातून घाटांच्या पुढे नेऊन सोडायची शेकडो कोटींची योजना चालू आहे. दाखला असताना हा पाइप कशाला लागतो? हा प्रश्न नाटकात का नाही? जामफळवाल्याला हत्यारा म्हणणं सोपं आहे, म्हणून?

भियाभाऊ
रामबागकर, भिया, तुम्हाला चांगलं दिसतच नाही. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं, ते काय हवेतून? आमच्या घरी ओला-सुका वेगळा करायला नातवाने लावलं. शाळेत चित्र काढून आणलं होतं त्याने, फ्रिजवर चिकटवलं. आजीने सुक्याच्या डब्यात केळ्याची सालं टाकली की हा ओरडायचा. माझं भाषण तिने चाळीस वर्षांत ऐकलेलं नाही, त्याचं ऐकलं.

रामबागकर
@भियाभाऊ, नातवाला शाबासकी. पण क्रम बघा. आधी रस्त्यावरच्या कचराकुंड्या उठल्या, रोज दारात गाडी यायला लागली, गाडीत वेगवेगळे कप्पे झाले, न ऐकणाऱ्याला दंड बसला. वेगळा केलेला ओला कचरा आज देवगुराडियाला जातो. २०२२ मध्ये सुरू झालेला तिथला प्रकल्प दिवसाला ५५० टन कचरा घेऊ शकतो, त्यातून गॅस निघतो, त्यावर सिटी बस धावतात. चित्र उपयोगी पडलं कारण दारात गाडी उभी होती. गाडी नसती तर आजीने सालं वेगळी काढून कुठे नेली असती? जामफळवाल्याच्या दारात अशी कुठली गाडी उभी आहे?

शिक्षिका_पण_आई
पंधरा-वीस वर्षं शिकवतेय, म्हणून मला बोलू द्या. डफलीची खूण करणाऱ्या त्या बाई मीही असू शकले असते, त्यामुळे जरा लागलं.

कसं होतं सांगते. सोमवारी पत्र येतं, अमुक सप्ताह साजरा करा. शुक्रवारपर्यंत फोटो अपलोड. चार दिवसांत मुलांनी विषय शोधायचा, लोकांशी बोलायचं, लिहायचं, बसवायचं? शक्यच नाही. मग कुठल्या तरी ग्रुपवर आलेली जुनी संहिता काढतो आपण. म्हणून तुमच्या नदीमाता सगळ्या शाळांत एकाच वाक्याला रडतात. थर्मोकोलचा मुकुट गेल्या वर्षीचा कपाटात पडलेला असतो.

पण म्हणून बंद करा? माझ्या वर्गात एक मुलगा होता, तोंडी परीक्षेत नाव विचारलं तरी खाली बघायचा. पाण्यावरच्या नाटकात त्याने टँकरवाला केला. त्याच्या वस्तीत टँकर येतो, आणि टँकरवाला पाइप आधी कुणाच्या ड्रममध्ये घालतो, कुणाला ताटकळत ठेवतो, हे त्याने असं काही करून दाखवलं की आम्ही मास्तरमंडळी गप्प झालो. ते संहितेत नव्हतं. ते त्याला कुठल्या पेपरात लिहिता आलं असतं? नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. ते दहा दिवस शाळांनी अशा कामाला प्रामाणिकपणे दिले, तर तुमची अर्धी तक्रार उरणार नाही.

अभ्यास_आधी
आठवीच्या मुलाला अपूर्णांक येत नाहीत आणि आपण त्याच्या हातात डफली देतोय. बाकी चर्चा चालू द्या.

जुना_कलापथकी
अपूर्णांक डफली नसलेल्या शाळांतही येत नाहीत हो!

रामबागकरांच्या मूळ तक्रारीशी मी सहमत, निष्कर्षाशी नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तन. कीर्तनातही उपदेश कमी, प्रश्न जास्त. समोरच्याच्या तोंडून उत्तर काढायचे. आपल्या शाळांनी झाडू गाळला, प्रश्न गाळले, राहिली फक्त शपथ.

आणि इंदूरच्या माणसांनी चिंचाळकर गुरुजींना विसरू नये. इंदूरच्या चित्रकला शाळेच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेला चित्रकार, पण वाळकं पान, तुटकी फांदी, टाकून दिलेली वस्तू हातात घेऊन पोरांना विचारायचा, यात काय दिसतं? ‘कचरा करू नका’ म्हणण्याची गरजच पडायची नाही. ज्या पोराने फेकलेल्या डब्यात घुबड पाहिलं, ते डबा फेकताना थांबणारच. आधी बघायला शिकवा. घोषणा नंतर, नाही दिल्या तरी चालतील.

रामबागकर
गुरुजींबद्दल दुमत नाही. पण गुरुजी रोज रोज जन्माला येत नाहीत, आणि सप्ताह दर महिन्याला येतो.

दहावी_ब
मी दहावीत आहे. लहान आहे म्हणून हाकलू नका प्लीज.

तुम्ही सगळे ‘मुलांना काय करायला लावावं’ यावर बोलताय. आम्हाला विचारलं तर? गेल्या वर्षी आम्हा सात-आठ जणींना मुलींच्या स्वच्छतागृहावर नाटक करायचं होतं. आमच्या शाळेत एका दाराला कडी नव्हती, एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची. नळाला पाणी दुपारनंतर नसायचं. कितीतरी मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. आम्ही लिहून नेलं. उत्तर आलं, विषय ‘निगेटिव्ह’ आहे, त्यापेक्षा ‘बेटी बचाओ’वर करा, बक्षीस पण आहे. केलं. दुसरा नंबर आला. ट्रॉफी मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, आणि त्या खोलीला लागूनच ते स्वच्छतागृह.

अभ्यास_आधी
बेटा, असल्या गोष्टी रस्त्यावर नाही मांडायच्या. अर्ज द्यायचा. शाळेची बदनामी करून काय मिळतं?

दहावी_ब
काका, अर्ज दिला होता. दोनदा. नंतर एका मैत्रिणीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे चित्रपट्टी काढली. सहा चौकटी. शब्द नाहीत. पहिल्या चौकटीत पाण्याची भरलेली बाटली, शेवटच्या चौकटीत तीच बाटली, तितकीच भरलेली, आणि घड्याळात दीड. मध्ये फक्त दार, दार धरलेला हात आणि रांगेतले बूट. स्टाफरूमच्या बाहेर लावली. संध्याकाळी काढून टाकली कुणीतरी, पण तोवर सगळ्या मॅडमनी बघितली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलो तर कडी बसलेली. पाणी अजून नाही.

शिक्षिका_पण_आई
ती बाटलीची चौकट वाचून थांबले मी. मॅडम लोकांनाही तेच स्वच्छतागृह वापरावं लागतं का गं?

दहावी_ब
नाही ताई. त्यांचं वेगळं आहे. त्याला कडी आहे.

रामबागकर
मी हेच म्हणतोय की! ही पट्टी लागू पडली कारण ज्यांच्या हातात कडी बसवणं होतं, त्यांच्याच नाकासमोर ती लावली. छत्र्यांपाशी रविवारी पोहे-जलेबी खायला आलेला माणूस नदीचं काय करणार? टाळ्या वाजवेल, व्हिडिओ काढेल. चौकातली नाटकं बंद करा, यावर मी ठाम आहे. पोरीने जे केलं ते दर महिन्याला करा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा करा.

भियाभाऊ
म्हणजे नदीचं नाटक महापालिकेच्या झोन ऑफिससमोर? उद्या पेपरात येईल, शाळेने पोरांना मोर्चाला नेलं. पालक पहिले ओरडतील, आणि त्यात पहिले तुम्ही असाल.

जुना_कलापथकी
भियाभाऊंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. प्लास्टिक, हेल्मेट, पाणी वाचवा, हेच विषय का फिरून फिरून येतात? कारण त्यात कुणालाच राग येत नाही. दप्तराचं ओझं, कोंबलेली स्कूल व्हॅन, भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये रात्री दहापर्यंत बसणारी पोरं, यावर एक तरी शाळा नाटक बसवते? त्यात शाळा आणि पालक दोघेही सापडतात. मोर्चा नको, कबूल. महापालिकेच्या एखाद्या इंजिनिअरला शाळेत बोलवा, नाटक त्याच्यासमोर करा, आणि नंतर अर्धा तास पोरांना प्रश्न विचारू द्या. येईल तो. चहा-पोहे ठेवा.

अभ्यास_आधी
इंजिनिअर येणार नाही. आला तर शाल-श्रीफळ घेऊन जाईल. लिहून ठेवा.

शिक्षिका_पण_आई
येईलही, नाहीही. पुढच्या सत्रात बघते विचारून. संहिता मात्र मुलांकडूनच घेणार, वेळ लागला तर त्या सप्ताहाचे फोटो उशिरा जातील, बोलणी मी खाईन. @दहावी_ब, पाण्याचं पुढे काय?

दहावी_ब
दुसरी पट्टी चालू आहे ताई. टाकी दुपारपर्यंत रिकामी का होते ते शिपाईकाकांकडून समजून घेतोय. त्यांनी वर नेऊन दाखवली, फ्लोट तुटलाय आणि अर्धं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात जातं. म्हणाले, चित्रात मला काढू नका फक्त.