श्रीलंकेतील पाटबंधारे वसाहती आणि तमिळांच्या जमिनी: आपल्याकडच्या पुनर्वसनाशी तुलना कुठवर टिकते?

राजारामपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. श्रीलंकेच्या यादवी युद्धावर निबंध लिहिताना एका मुद्द्याशी मी वारंवार अडखळतो आहे. तेथील तमिळ नेत्यांनी 1950 च्या दशकापासून भाषेच्या प्रश्नाइतकाच रोष सरकारी सिंचन वसाहतींवर धरलेला दिसतो. गल ओया, कंतळे, अल्लै, पदविया आणि पुढे महावेली या योजनांनी कोरड्या प्रदेशाला पाणी दिले, भूमिहीन कुटुंबांना जमीन दिली. मग त्यांना विरोध का व्हावा?

आपल्या जिल्ह्यातही काळम्मावाडी धरणाच्या विस्थापितांना दूधगंगेच्या लाभक्षेत्रातील गावांत जमिनी मिळाल्या. मूळ गावकऱ्यांची कुरबूर झाली, काही प्रकरणे न्यायालयात गेली, तरी त्यातून वेगळ्या राज्याची मागणी उभी राहिली नाही. हा फरक केवळ भाषेचा आणि धर्माचा मानावा, की योजनांच्या रचनेतच काही निराळे होते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कालवा निरीक्षक, निवृत्त

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामात गेले असल्याने मी रचनेपासूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे लाभक्षेत्रात येणारा बाहेरचा माणूस हा बहुधा त्याच धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठलेला असतो. 1976 च्या आणि नंतरच्या पुनर्वसन कायद्यांचे तत्त्वच असे आहे की ज्याच्या जमिनीवर पाणी साठले त्याला, ज्याच्या जमिनीला पाणी मिळाले त्याच्या वाट्यातून जमीन द्यावी. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. कोयनेचे धरण तर या कायद्याच्या आधीचे, आणि तिथल्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्या अजून पर्यायी जमिनीसाठी आंदोलने करीत आहेत. तरीही येणारा आणि देणारा यांच्यात धरणाचे नाते असते.

श्रीलंकेतील वसाहतींचा पाया याहून वेगळा आहे. ब्रिटिशांनी 1840 च्या अध्यादेशाने पडीक, जंगल आणि फिरत्या शेतीच्या जमिनी, कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, सरकारच्या मालकीच्या गृहीत धरल्या. पुढे 1935 च्या जमीन विकास अध्यादेशाने, ज्याच्यामागे त्या वेळचे कृषिमंत्री डी. एस. सेनानायके होते, या सरकारी जमिनी भूमिहीन शेतकऱ्यांना परवान्यावर देण्याची पद्धत बसवली. बेटाच्या नैर्ऋत्येकडील पावसाळी पट्ट्यात दाट वस्ती होती, तर उत्तर आणि पूर्वेकडील कोरडा पट्टा मलेरियामुळे विरळ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने मलेरिया ओसरला आणि जुने तलाव दुरुस्त करून, नवी धरणे बांधून तिथे वसाहती उभ्या करणे शक्य झाले. आलेली बहुसंख्य कुटुंबे सिंहली होती आणि ती दूरच्या जिल्ह्यांतून निवडून आणलेली होती. त्या धरणाखाली त्यांचे काही बुडाले नव्हते.

गल ओयाचे उदाहरण पाहा. 1949 मध्ये त्यासाठी स्वतंत्र विकास मंडळ स्थापन झाले, इंगिनियागला येथे धरण बांधले गेले आणि त्या जलाशयाला सेनानायके समुद्र असे नाव मिळाले. किनाऱ्यालगत तमिळ आणि मुसलमान शेतकरी पिढ्यान्पिढ्या भात पिकवत होते. नव्या वसाहती मात्र धरणाजवळ, कालव्याच्या मुखाकडे वसल्या आणि डाव्या कालव्याच्या शेपटाला, म्हणजे पाणी सर्वांत शेवटी पोहोचते त्या टोकाला, बव्हंशी तमिळ शेतकरी राहिले. शेपटाला असण्याचा अर्थ आपल्याकडच्या कोणत्याही पाणी वापर संस्थेच्या सभासदाला विचारावा. 1956 च्या जून महिन्यात, सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा मंजूर होत असताना, स्वातंत्र्योत्तर काळातील पहिली मोठी वांशिक दंगल याच खोऱ्यात झाली. नंतर 1961 मध्ये मट्टक्कळप्पू (बट्टिकलोआ) जिल्हा तोडून अंपारा हा नवा जिल्हा करण्यात आला.

करवीर वकील

वरील उत्तरात मतदारसंघांचा विषय राहिला, आणि माझ्या मते विरोधाचे मूळ तिथेच आहे. त्रिंकोमाली जिल्ह्यात 1921 च्या जनगणनेत सिंहली लोकसंख्या पाच टक्क्यांहून कमी होती. 1981 मध्ये ती एकतृतीयांशाच्या आसपास पोहोचली. कंतळे आणि अल्लै या वसाहतींचा त्यात मोठा वाटा होता. 1976 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत त्याच जिल्ह्यात सेरुविला हा सिंहलीबहुल मतदारसंघ निर्माण झाला. वसाहतीने जिल्ह्याची लोकसंख्या बदलते, लोकसंख्येने प्रतिनिधी बदलतो, आणि पुढचे जमीनवाटप कोणी करावे हे तो प्रतिनिधी ठरवतो. याच कारणाने तमिळ नेतृत्वाची मागणी धरणे थांबवण्याची नव्हती. लाभार्थी निवडण्याचा अधिकार मिळावा, ही होती.

हे कागदोपत्री स्पष्ट आहे. जुलै 1957 मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळांच्या फेडरल पक्षाचे नेते चेल्वनायकम यांच्यात झालेल्या करारात असे कलम होते की प्रादेशिक परिषदांना आपल्या क्षेत्रातील वसाहत योजनांसाठी जमीनधारक निवडण्याचा आणि त्या कामावरचे कर्मचारी निवडण्याचा अधिकार असेल. गल ओया मंडळाच्या क्षेत्राचा प्रश्न मात्र त्याच करारात पुढील विचारासाठी ठेवला गेला. एप्रिल 1958 मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठिय्या दिल्यावर करार रद्द झाला. 1965 मध्ये त्या वेळचे पंतप्रधान डडली सेनानायके आणि चेल्वनायकम यांनी अग्रक्रम ठरवला: उत्तर आणि पूर्व प्रांतांतील जमीन प्रथम त्या जिल्ह्यातील भूमिहीनांना, नंतर त्या प्रांतांतील तमिळभाषकांना, आणि त्यानंतर इतर नागरिकांना, त्यातही बेटावरच्या अन्य भागांतील तमिळांना प्राधान्य देऊन. तोही कागदावरच राहिला.

एक गोष्ट सहसा विसरली जाते. चहामळ्यांवरील तमिळ मजुरांपैकी बहुसंख्यांचे नागरिकत्व 1948 च्या कायद्याने गेले. बेटावरचा हा सर्वांत मोठा भूमिहीन समूह भूमिहीनांसाठीच्या योजनेतून अशा रीतीने आपोआप वगळला गेला.

मंगळवार पेठ

चर्चा एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. अनुराधपूर आणि पोलोन्नरुव येथील प्राचीन तलावांचे जाळे ही सिंहली इतिहासाची ओळख आहे, आणि त्या जाळ्याचे पुनरुज्जीवन त्यांना आक्रमण वाटत नाही. शिवाय सरकारी जमीन सर्व देशाची असते. एखाद्या प्रांतातील जमीन त्याच भाषकांना मिळावी हा नियम भारतात तरी आपण मान्य करू का? किलिनोच्चीत इरणमडू तलावाखाली याफ्नाहून (जाफन्याहून) आलेल्या तमिळ कुटुंबांनाही सरकारने वसवले होते, हे सांगायला हवे.

करवीर वकील

इरणमडूचा मुद्दा रास्त आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडलाच पाहिजे. सरकारी जमीन सर्वांची हेही तत्त्व म्हणून मान्य. परंतु प्रत्यक्ष वाटप कोण करते आणि आधीच्या कसणाऱ्याचे काय होते, याची तपासणी त्या तत्त्वाने टळत नाही.

मणलारूचे उदाहरण घ्या, ज्याला सरकारी नोंदीत वेली ओया म्हणतात. मुल्लैतीवू, वव्हुनिया आणि त्रिंकोमाली यांच्या सीमेवरचा हा भाग उत्तर आणि पूर्व या दोन्ही तमिळ प्रदेशांना जोडतो, हे नकाशा उघडला की ध्यानात येते. 1984 मध्ये तेथील केंट आणि डॉलर या शेतमळ्यांवरून तमिळ कुटुंबांना हाकलून सिंहली कैद्यांना वसवण्यात आले. नोव्हेंबरच्या अखेरीस तमिळ वाघांनी (एलटीटीई या सशस्त्र संघटनेने) त्या वसाहतींवर हल्ला करून तेथील लोकांची हत्या केली, आणि त्यानंतर लष्कराने कोक्किळाय, कोक्कुत्तोडुवाय यांसारखी किनाऱ्यावरची तमिळ गावे रिकामी करवली. पुढे हा भाग महावेली योजनेचा ‘एल’ विभाग झाला. युद्ध संपल्यावर परतलेल्या शेतकऱ्यांना आपल्या भातखाचरांवर दुसऱ्यांचे परवाने निघालेले आढळले, आणि 2018 मध्ये मुल्लैतीवूत त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. वादातली ही जमीन रिकामी सरकारी पडीक नव्हती.

बुडीत गावचा

माझे आजोबा धरणग्रस्त. आम्हाला मिळालेली जमीन सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे भोगवटादार वर्ग 2 होती आणि परवानगीवाचून विकता येत नव्हती. श्रीलंकेतील वसाहतवाल्यांची स्थिती कशी असते? त्यांना तरी मालकी मिळाली का?

कालवा निरीक्षक, निवृत्त

तेही बऱ्याच अंशी वर्ग 2 सारखेच. 1935 च्या अध्यादेशाखाली आधी परवाना, मग अटी पाळल्यावर अनुदानपत्र. विक्री, गहाण आणि विभागणी यांवर बंधने, आणि वारस एकच. महावेलीत एका कुटुंबाला साधारण अडीच एकर ओलिताची आणि अर्धा एकर घरवाडीची जमीन मिळाली. दुसऱ्या पिढीला वाटणी कायद्याने करता येत नाही, म्हणून ती तोंडी होते. हे गरीब सिंहली शेतकरी धोरणाचे कर्ते नव्हते, हे निबंधात अवश्य लिहावे. 1980 च्या दशकाच्या आरंभी गल ओयाच्या डाव्या कालव्यावर शेतकरी संघटना बांधण्याचे काम झाले, तेव्हा टंचाईच्या हंगामात मुखाकडच्या सिंहली शेतकऱ्यांनी पाळ्या आवरून शेपटाच्या तमिळ शेतकऱ्यांकडे पाणी जाऊ दिल्याची नोंद आहे. याच्या उलट, जुलै 2006 मध्ये तमिळ वाघांनी माविल आरूचा दरवाजा बंद करून खालच्या वसाहतींचे पाणी तोडले, आणि शेवटचे युद्ध तिथूनच पेटले.

राजारामपुरीकर

सर्वांचे आभार. आजच्या कायद्यात लाभार्थी निवडीचा अधिकार कोणाकडे आहे, एवढे कळले तर माझे शेवटचे प्रकरण पूर्ण होईल.

करवीर वकील

1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीत जमीन हा विषय प्रांतांच्या यादीत घातला गेला, परंतु सरकारी जमिनीचे स्वामित्व प्रजासत्ताकाकडेच राहिले. आंतरप्रांतीय सिंचन योजना, म्हणजे मुख्यतः महावेली, केंद्राच्या अखत्यारीत आहेत. तिथले वाटप राष्ट्रीय वांशिक प्रमाणानुसार, म्हणजे देशाच्या लोकसंख्येतील प्रत्येक समाजाच्या वाट्यानुसार, व्हावे आणि त्या प्रमाणाच्या आत प्रकल्पाने विस्थापित झालेल्यांना, मग जिल्ह्यातील आणि नंतर प्रांतातील भूमिहीनांना प्राधान्य द्यावे, असे परिशिष्टात म्हटले आहे. राष्ट्रीय वांशिक प्रमाण लावले की प्रत्येक नव्या योजनेत सिंहली बहुमत ठरलेलेच, मग ती योजना कोणत्याही प्रांतात असो. तमिळ पक्षांचा आक्षेप नेमका यावर आहे. धोरण ठरवण्यासाठी राष्ट्रीय जमीन आयोग नेमण्याची तरतूदही त्यातच आहे, पण तो आयोग नेमला गेला नाही. सप्टेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जमिनीवरील अंतिम अधिकार केंद्राचा असल्याचा निर्णय दिला. आपल्या प्रकरणात तेरावी दुरुस्ती आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचावेत.