जुनाट अंगदुखी आणि अध्यात्म : श्रद्धा बेताची असेल तर काय करावं?

सिडकोची_सई | ११ सप्टेंबर, रात्री १०:४२
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.
वय ४१, नाशिक. चार वर्षं मान, खांदे, कंबर पाळीपाळीने दुखतात. एकाची रजा असली की दुसरं कामावर. एमआरआय, रक्त, सगळं नॉर्मल. दीड वर्षापूर्वी संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया असं नाव दिलं. ड्युलोक्सेटीन ही गोळी चालू आहे, रोज चालते, थोडा फरक आहे. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, औषधाने व्हायचं तेवढं झालं, आता ध्यान, अध्यात्म असं काहीतरी बघा. ‘असं काहीतरी’ म्हणजे काय हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.
बजेट फार तर ३००० रुपये. सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यामुळे बाहेर मुक्काम शक्य नाही. सकाळचा अर्धा तास माझा असतो. माझं अध्यात्म उपासाच्या खिचडीपुरतं. स्वतः करून पाहिलेलंच सांगा. गाद्या, तेलं, पट्टे सुचवू नका, तिन्ही घरात आहेत.

निवांत_पाटील | ११ सप्टेंबर, रात्री ११:०५
गादी कोणती आहे पण? आम्ही २८ हजारांची घेतली, मिसेसची कंबर तिसऱ्या दिवशी गप्प. स्वस्तातली घेतली असेल तर ती नसल्यासारखीच.

सिडकोची_सई | ११ सप्टेंबर, रात्री ११:०९
🙏

धम्मपथिक | १२ सप्टेंबर, सकाळी ६:१५
नाशिकला राहून विचारताय? इगतपुरी तुमच्या दारात आहे! १० दिवसांचं विपश्यना शिबिर करा. फी शून्य. राहणं, जेवण सगळं जुन्या साधकांच्या दानातून, आणि तुमचं दानसुद्धा शिबिर पूर्ण झाल्यावरच घेतात. म्हणजे बजेटचा प्रश्नच मिटला. माझी सायटिका होती, आता आठवतही नाही. तीन शिबिरं झाली.

खडूसकाका | १२ सप्टेंबर, सकाळी ८:३०
मुक्काम जमणार नाही असं बाईंनी स्पष्ट लिहिलंय. दहा दिवस मौन पाळणाऱ्यांना वाचायला काय हरकत आहे? (ह. घ्या.)
मी गेलो होतो. पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवसापासून ‘अधिष्ठान’, म्हणजे रोज तीनदा तासभर न हलता बसायचं. माझ्या मणक्याने पाचव्या दिवशी राजीनामा दिला. मग कळलं की मागितली तर खुर्ची मिळते. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतोय. कंबर दुखणाऱ्याने पहिल्याच दिवशी मागावी. आणि मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात खरं लिहावं, लपवू नये.

धम्मपथिक | १२ सप्टेंबर, सकाळी ८:५१
वेदना आली की तिच्याकडे तटस्थपणे बघायचं हाच तर अभ्यास आहे. तुम्ही खुर्ची घेऊन तो टाळलात.

खडूसकाका | १२ सप्टेंबर, सकाळी ८:५८
बरं.

विठाई | १२ सप्टेंबर, दुपारी १:२०
ताई, हे सगळं करण्यापेक्षा रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणा. माझ्या आईचा संधिवात ज्ञानोबा माउलींनीच सांभाळला. ६८ व्या वर्षी आळंदी ते पंढरपूर चालली, अडीचशे किलोमीटर. घरी दोन जिने चढायला मात्र कुरकुरते.

कोथरूडची_मैना | १२ सप्टेंबर, दुपारी २:०२
हरिपाठाला अनुमोदन. मनापासून करा, श्रद्धा हवी. श्रद्धा नसेल तर काही उपयोग नाही.

तिरकी_रेघ | १२ सप्टेंबर, दुपारी ४:४७
‘श्रद्धा हवी’वाल्यांसाठी. माझ्या बहिणीला हेच दुखणं आहे. एका शिबिरात ११ हजार भरून गेली. तिथल्या महाराजांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे मागल्या जन्मीचं देणं आहे, आणि फरक पडत नाही कारण समर्पण अपुरं आहे. घरी आली ती दुखणं घेऊन, वर अपराधीपणा. सहा महिने गोळ्यांना हात लावला नाही. असलं अध्यात्म फुकट मिळालं तरी घेऊ नका.

विठाई | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०
एका भोंदूवरून सगळ्यांना झोडपू नका.

तिरकी_रेघ | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१२
झोडपलं नाही. काय झालं ते सांगितलं.

*(यानंतरचे सात प्रतिसाद विषयांतर झाल्यामुळे काढले आहेत. – संपादक)*

बोस्टनचा_बंड्या | १२ सप्टेंबर, रात्री ९:३३
तुम्हाला एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, ध्यानाचा कोर्स) करायला पाहिजे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी इथल्याच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केलं, तेही ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते अशा दुखणेकऱ्यांसाठी. आठ आठवडे. देव नाही, मंत्र नाही. २०१६ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ३४२ कंबरदुखीवाल्यांवरचा अभ्यास आला होता : हालचालीतल्या अडचणी ठळकपणे कमी झालेले लोक नेहमीच्या उपचारांत ४४ टक्के, एमबीएसआरमध्ये ६१ टक्के. मी प्रत्यक्ष वर्गात केला, ६०० डॉलर, पैसा वसूल.

खडूसकाका | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०
३००० रुपये म्हणाल्यात त्या.

बोस्टनचा_बंड्या | १२ सप्टेंबर, रात्री ९:४४
ओह. मग ‘पालूस माइंडफुलनेस’ शोधा. तोच आठ आठवड्यांचा क्रम, फुकट. पालूस म्हणजे सांगलीतलं नव्हे.

पलूसकर_खरा | १२ सप्टेंबर, रात्री ९:५०
आमचं पलूस. पालूस नाही.

भूलथाप | १३ सप्टेंबर, रात्री १२:२५
भूलतज्ज्ञ आहे, पेन क्लिनिक चालवतो. ड्यूटीवर आहे, जमेल तसं लिहितो.
एक, दुखणं खरं आहे. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शरीरात नवी इजा नसतानाही मेंदू-मज्जातंतूंची धोक्याची घंटा अति हळवी होऊन वाजत राहते. २०१७ पासून या प्रकाराला ‘नोसिप्लास्टिक’ असं वेगळं नावही आहे.
दोन, ध्यान-जप-भजनाचा उपयोग होतो तो बहुधा याच घंटेवर. लांब श्वास, ठरलेली वेळ, सोबत, आणि ‘आता माझं वाटोळं होणार’ हा घोर कमी होणं. कोणता देव हे महत्त्वाचं नाही. पण दुखण्याकडे शिक्षा म्हणून बघणाऱ्यांचे हाल जास्त होतात, हे रोज बघतो. तिरकी_रेघ यांच्या बहिणीसारखे पेशंट माझ्याकडे खूप येतात.
तीन, ड्युलोक्सेटीन मनाने बंद करायची नाही. चक्कर, मळमळ, बेचैनी होते. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.
चार, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा यांपैकी काहीही झालं तर ध्यान नाही, थेट हॉस्पिटल.

कोथरूडची_मैना | १३ सप्टेंबर, सकाळी ७:००
डॉक्टर, माझी टाच दुखते सकाळी उठल्यावर. काय करू?

इरावतीकाठी | १३ सप्टेंबर, सकाळी ११:१८
विपश्यनेवरून एक आठवलं. ही शिबिरं भारतात सुरू करणारे गोएंका गुरुजी स्वतः दुखण्यापायीच तिकडे वळले. रंगूनमधले मोठे व्यापारी, मायग्रेन इतका भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ मध्ये विपश्यना शिकवणारे ऊ बा खिन यांच्याकडे गेले तर त्यांनी आधी नकारच दिला : डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, ही विद्या त्यासाठी नाही. मनाच्या शुद्धीसाठी आलात तर डोकेदुखी आपोआप जाईल. मला स्वतःला काहीच दुखत नाही, त्यामुळे सल्ला नाही. पण दुखणं मोजत मोजत बसलं तर ध्यान होत नसावं.

धम्मपथिक | १३ सप्टेंबर, सकाळी ११:३०
हेच म्हणत होतो.

खडूसकाका | १३ सप्टेंबर, सकाळी ११:३१
कधी?

निवांत_पाटील | १३ सप्टेंबर, दुपारी १२:१५
वाचनखूण साठवली आहे. गादीचं माप किती आहे पण?

सिडकोची_सई | १३ सप्टेंबर, रात्री १०:२०
सगळ्यांचे आभार. भूलथाप, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. इगतपुरी सध्या नाही. बंड्या, ते फुकटवालं आजपासून सुरू करते. महिन्याने येऊन सांगेन.

कोथरूडची_मैना | २० ऑक्टोबर, दुपारी ३:१५
धागा वर काढतेय. काय झालं पुढे?

सिडकोची_सई | १६ नोव्हेंबर, रात्री ९:०५
उशिराबद्दल सॉरी. रागावणार सगळे.
त्या फुकटवाल्या कोर्समधलं ‘बॉडी स्कॅन’ ध्यान सोळा दिवस केलं. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष न्यायचं. माझं लक्ष खांद्यावर पोचलं की खांदा ‘या, या’ म्हणायचा. जे दिवसभर विसरायची धडपड करते तेच पाऊण तास बघायचं, मला नाही जमलं. हरिपाठ मोबाइलवर लावला, तिसऱ्या दिवशी भाजी करपली.
कोजागिरीनंतर आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात काकडा सुरू झाला. शेजारच्या मावशींना पहाटे अंधारात एकटीने जायची भीती वाटते, म्हणून सोबत गेले. भक्तीबिक्ती काही नाही. पाच ते पावणेसहा. हातात टाळ दिले, दहा मिनिटांत खांदा भरून आला. मावशींनी काही न विचारता ते काढून घेतले नि म्हणाल्या, टाळ्या वाजव. चार वर्षांत पहिल्यांदा कोणी ‘अजून दुखतंय का गं’ असं विचारलं नाही. तिथे सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. शेवटी लोणी-साखरेचा प्रसाद.
दुखणं गेलेलं नाही. गोळी चालू आहे. फक्त एक सांगते. मी रोज वहीत दहापैकी किती दुखतंय तो आकडा लिहायची, चार वर्षांत एक दिवस चुकवला नाही. परवा वही उघडली तर नऊ दिवस कोरे. अभंग अजूनही पाठ नाहीत, ओठ हलवते. खर्च दक्षिणेचे ५१ रुपये आणि एक माकडटोपी.

विठाई | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१२
म्हणजे माउलींनीच केलं शेवटी. 🙏🙏

तिरकी_रेघ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५
मावशींनी केलं.

धम्मपथिक | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०
सोळा दिवस फार कमी होतात. शिबिर केलं असतंत तर...

भूलथाप | १६ नोव्हेंबर, रात्री ११:५०
वही फेकू नका, पण रोजची रविवारची करा. पहाटे थंडीत स्नायू आखडतात, निघण्याआधी खांदे पाच मिनिटं फिरवा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे जरूर सांगा.

खडूसकाका | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०
पण काकडा परवा पौर्णिमेला संपला. आता पहाटे पाचला काय करणार?

सिडकोची_सई | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:२५
आज साडेसहापर्यंत झोपले, काका. मावशींनी दार वाजवलं तेव्हा उठले. मार्गशीर्षातही जाऊ या म्हणतायत, देवळात नाही तर नुसतं चालायला.