मदत हवी आहे: विमा दाव्यात डॅशकॅमचे चित्रण ग्राह्य धरले जावे यासाठी काय करावे?

नमस्कार. चौकातील धडकेनंतर माझ्या गाडीचा विमा दावा अडकला आहे. सिग्नल हिरवा असताना मी सरळ जात होते आणि डावीकडून आलेली गाडी माझ्या पुढच्या दारावर आदळली. त्या गाडीच्या चालकाचे म्हणणे नेमके उलटे आहे. बाहेरचा साक्षीदार कोणी नाही, त्यामुळे सारी भिस्त डॅशकॅमच्या, म्हणजे गाडीत पुढच्या काचेजवळ बसवलेल्या कॅमेऱ्याच्या, चित्रणावर आहे.

विमा कंपनीचा पहिला आक्षेप सिग्नलच्या दिव्याबाबत आहे. चित्रणात दिवा आधी हिरवा दिसतो, मग मी चौकात शिरत असताना काही क्षण पूर्ण काळा पडतो आणि पुन्हा हिरवा होतो. सर्वेक्षकांच्या (दाव्याची तपासणी करणाऱ्यांच्या) मते त्या क्षणी कोणता दिवा लागला होता हे सिद्ध होत नाही. मला जे समजले ते असे: अनेक एलईडी सिग्नल वीजपुरवठ्याच्या वारंवारितेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात, आणि ६० हर्ट्झला सेकंदाला ३० किंवा ५० हर्ट्झला २५ चौकटी (फ्रेम) अशी जोडी जुळली की कॅमेरा सलग अनेक चौकटी दिवा विझलेला असतानाच टिपतो. हे टाळण्यासाठीच काही कॅमेऱ्यांत २७.५ चौकटींचा पर्याय असतो. हे स्पष्टीकरण मी स्वतः लिहून दिले तर चालेल, की तज्ज्ञाचा लेखी अहवाल जोडावा लागेल?

दुसरा आक्षेप मला अधिक अन्यायकारक वाटतो. "दुसरी गाडी इतक्या लांबून दिसत असताना ब्रेक का लावला नाही?" असे विचारले गेले. डॅशकॅमची भिंग रुंद कोनाची असल्याने वाहने प्रत्यक्षापेक्षा लांब आणि लहान दिसतात, शिवाय पडद्यावरचा जीपीएस वेग किंचित मागे राहतो, म्हणून धडकेच्या चौकटीवरील आकडा त्या क्षणाचाच असेल असे नाही. हे दोन्ही मुद्दे मान्य करून घेण्यात कोणाला यश आले आहे का?

तिसरी अडचण प्रतीची. दावा प्रतिनिधीनेच चित्रण मेसेजवर मागवून घेतले आणि आता तीच प्रत आकुंचित आहे, मूळ नाही, असे कळवले. धक्का जाणवताच जी-सेन्सरने (कॅमेऱ्यातील धक्का ओळखणाऱ्या भागाने) ती फाइल कुलूपबंद केली होती, त्यामुळे ती पुसली गेली नाही. कार्ड मी त्याच दिवशी काढून बाजूला ठेवले आहे. कार्डच हवाली करण्याची माझी तयारी नाही, कारण ते गहाळ झाले तर हाती काहीच उरणार नाही. मूळ फाइलची जशीच्या तशी प्रत, तिचे एसएचए-२५६ हॅश मूल्य (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा) आणि लेखी पोचपावती एवढ्यावर कंपन्या समाधान मानतात का? हॅश साक्षीदारासमोर काढावा का?

शेवटचा प्रश्न आवाजाचा. त्याच फाइलमध्ये शेजारी बसलेल्या बहिणीचे "हिरवा झाला, चल" हे शब्द स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याच्या अगदी आधी आमच्या घरातले एक अत्यंत खासगी बोलणेही आहे. तेवढा भाग मुका केला तर फाइलमध्ये फेरफार केल्याचा ठपका येईल आणि हॅशही जुळणार नाही. मूळ फाइल अबाधित ठेवून, कोणता भाग मुका केला आहे याची लेखी नोंद देऊन दुसरी प्रत सादर केलेली चालते का? बहिणीची लेखी संमती सोबत जोडावी का? असा दावा लढवलेल्यांनी किंवा सर्वेक्षणाचे काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.