मदत हवी आहे: कोस्टा रिकात जंगलाला त्रास न देता कसं फिरावं?

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये कोस्टा रिकाला जायचं ठरतंय. तोर्तुगेरो हे कॅरिबियन किनाऱ्यावरचं राष्ट्रीय उद्यान नक्की केलंय, कारण जुलै ते ऑक्टोबर तिथे हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर गाईडसोबतच जाता येतं, फोटो काढायला बंदी. मला तर हा नियम फारच पटला. उजेडाने बिचकली तर मादी अंडी न घालताच पाण्यात परत फिरते.

अडलंय कोर्कोवादोपाशी. ओसा द्वीपकल्पावरच्या या उद्यानात २०१४ पासून गाईडशिवाय प्रवेश नाही. मला गाईड तिथल्याच गावचा हवा, म्हणजे पैसे त्याच्या घरात जातील. असा माणूस कसा शोधायचा? मुक्काम ड्रेक बे बरा की पुएर्तो हिमेनेझ? पावसाळ्यात उद्यानातल्या सिरेना या वनकेंद्राच्या वाटा कितपत चालण्याजोग्या असतात?

शिवाय, स्लॉथ (झाडावर राहणारा संथ प्राणी) कडेवर देऊन फोटो काढू देणाऱ्या जागा मला टाळायच्याच आहेत. त्या मुक्या जिवाला त्याचा ताण येतो. मग खरं बचाव केंद्र ओळखायचं कशावरून? कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.