बाहुलीघराच्या दुपाखी छपरावर लाकडी शिंगल्स कशा बसवाव्यात?

काडीकाम (प्रश्न)

१:१२ प्रमाणातल्या बाहुलीघराचे प्लायवुडचे दुपाखी छप्पर तयार झाले आहे. प्रत्येक पाखे ६०० मि.मी. लांब असून आढ्यापासून वळचणीपर्यंतचा उतार ३५० मि.मी. आहे. त्यावर २० मि.मी. रुंद, ३० मि.मी. लांब आणि साधारण दीड मि.मी. जाडीच्या लाकडी शिंगल्स (कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लावायच्या पातळ फळ्या) बसवायच्या आहेत. एका टाकाऊ फळीवर लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने काही तुकडे चिकटवून पाहिले, तर थोड्याच वेळात त्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या. गोंद बदलावा की वजन ठेवावे? रंग आधी द्यावा की नंतर? शिंगल्स किती लागतील? पुढचे पाखे आढ्यावरच्या बिजागरीने वर उघडते आणि मागच्या पाख्यात धुराडे आहे, तेही लक्षात घ्यावे.

रंधा

कडा उचलल्या जाण्याचे कारण गोंदातले पाणी आहे. लाकूड ओले झाले की रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे फक्त खालची बाजू ओली झालेला पातळ तुकडा रुंदीत वाकतो आणि त्याच्या दोन्ही कडा वर येतात. वजन ठेवून हे आटोक्यात येते, परंतु पाचसहाशे तुकड्यांवर वजन कसे ठेवणार? त्यापेक्षा पाणी नसलेला दाट गोंद वापरावा आणि तो प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाशी थोडासाच लावावा. ग्लूगनने काम भराभर होते, मात्र थेंब जाड पडला तर तुकडा तिरपा बसतो.

आता हिशेब. ३० मि.मी. लांबीच्या शिंगलचा किती भाग उघडा ठेवायचा, यावर सगळे अवलंबून आहे. २० मि.मी. उघडा ठेवला तर १८ ओळी होतात आणि ओळीत ३० याप्रमाणे एका पाख्याला ५४० तुकडे लागतात. १५ मि.मी.च्या आसपास ठेवला तर २४ ओळी, म्हणजे ७२० तुकडे. फरक केवळ संख्येचा नाही. उघडा भाग लांबीच्या निम्म्याहून जास्त असला, तर दोन तुकड्यांमधल्या फटीतून वरच्या बाजूला थेट प्लायवुड दिसते. निम्मा किंवा कमी असला, तर प्रत्येक फटीखाली आधीच्या ओळीचे लाकूड येते. माझे मत २४ ओळींच्या बाजूने आहे. तरीही काटकसर करायची असेल, तर प्लायवुडला आधी शिंगल्सच्याच गडद छटेचा रंग द्यावा.

वळचणीवर पहिली ओळ दुहेरी लावावी आणि तिच्यासाठी आणखी ३० तुकडे धरावेत. ती एकेरी राहिली तर फटींखाली काहीच येत नाही, शिवाय त्या ओळीचा कल वरच्या ओळींपेक्षा वेगळा दिसतो. एका ओळीतला सांधा खालच्या ओळीतल्या सांध्यावर येऊ देऊ नये. खऱ्या छपरावर हे अंतर किमान दीड इंच ठेवतात, म्हणजे तुमच्या प्रमाणात सुमारे ३ मि.मी.; एक ओळ पूर्ण तुकड्याने आणि पुढची अर्ध्या तुकड्याने सुरू केली की ते आपोआप साधते.

सूक्ष्मदर्शी

रंग आधी द्यावा. गोंदाचा जरासा जरी डाग शिंगलच्या दर्शनी बाजूवर पडला, तरी तिथे लाकडी रंग मुरत नाही आणि फिकट ठिपका कायमचा राहतो. पातळ केलेल्या रंगात तुकडे पूर्ण बुडवले की दोन्ही बाजू सारख्याच ओल्या होतात, त्यामुळे वाकण्याचा त्रासही कमी होतो. ते जाळीवर सुटे पसरून वाळवावेत. दोनतीन जवळच्या छटा करून सगळे तुकडे मिसळावेत आणि न निवडता हाताला येईल तो लावावा.

‘रंधा’ यांच्या एका सूचनेशी मात्र मी सहमत नाही. थेंब फक्त वरच्या टोकाशी असेल, तर उघडणाऱ्या पाख्यावरचे तुकडे हात लागून निघतील. तिथे खाली, आधीच्या ओळीवर टेकणाऱ्या भागालाही थोडा गोंद हवा.

रंधा

उघडणाऱ्या पाख्यासाठी हे मान्य आहे.

बिजागरी

आढ्यावर दोन्ही पाख्यांना झाकणारी अखंड टोपी बसवू नये. ती स्थिर पाख्याला चिकटवली तर उघडणारे पाखे तिच्या कडेला अडते. उघडणाऱ्या पाख्याला चिकटवली तर तिची दुसरी बाजू स्थिर पाख्यावर दाबली जाते. प्रत्येक पाख्यावर स्वतंत्र अरुंद पट्टी लावावी, मधली बारीक रेघ स्वीकारावी आणि पट्ट्यांच्या कडा तासून घट्ट जुळवू नयेत.

धुराड्याभोवतीच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून खऱ्या छपरावर लावतात त्या पत्र्याच्या पट्ट्यांचा (फ्लॅशिंगचा) भास हवा असेल, तर राखाडी रंगवलेल्या पातळ पुठ्ठ्याच्या काटकोनात दुमडलेल्या पट्ट्या पुरतात. खालच्या बाजूची पट्टी शिंगल्सच्या वर येते, वरच्या बाजूची शिंगल्सच्या खाली जाते आणि दोन्ही कुशींना प्रत्येक ओळीगणिक एक छोटा तुकडा त्या ओळीखाली सरकवायचा असतो, त्यामुळे हे काम ओळींबरोबरच करत जावे लागते.

काडीकाम

सर्वांचे आभार. १५ मि.मी.ने ३५० भागले तर शेवटी ५ मि.मी.ची चिंचोळी ओळ उरते. ती आढ्याच्या पट्टीखाली लपवावी का?

रंधा

लपवण्याऐवजी वाटून टाकावी. ३५० भागिले २४ म्हणजे सुमारे १४.६ मि.मी.; त्या अंतराने सगळ्या रेघा आधीच पेन्सिलने आखाव्यात. आखणीपूर्वी पाख्याच्या दोन्ही टोकांना आढे ते वळचण हे अंतर सारखे आहे ना, ते मोजून घ्यावे.