कॅथकिन पार्क: क्लब गेला, मैदान उरलं. आता त्याचं काय करायचं?

दक्षिणवारा:
स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत आजच्या हॅम्पडेन फुटबॉल स्टेडियमपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर कॅथकिन पार्क आहे. रविवारी लेकीला घेऊन गेलो होतो. वरवर पाहिलं तर साधी बाग. झाडीत शिरलं की प्रेक्षकांनी उभं राहायच्या सिमेंटच्या पायऱ्या दिसू लागतात, मैदानाच्या तीन बाजूंनी. गर्दी अंगावर येऊ नये म्हणून लावलेले लोखंडी कठडे अजून उभे आहेत, लाल रंगाचे. एका कठड्याला खेटून झाड वाढलंय, बुंधा चांगला मांडीएवढा. खाली पोरं खेळत होती. प्रेक्षक म्हणाल तर दोन आजोबा आणि एक कुत्रा.

१८८४ साली क्वीन्स पार्क क्लब इथे खेळू लागला, म्हणजे हे त्यांचं हॅम्पडेन नावाचं दुसरं मैदान, ‘दुसरं हॅम्पडेन’. १९०३ मध्ये ते तिसऱ्या, आजच्या हॅम्पडेनला गेले आणि हे मैदान थर्ड लॅनार्कने घेतलं. सैनिकी स्वयंसेवकांच्या तुकडीतून १८७२ साली निघालेला हा क्लब. दोनदा स्कॉटिश कप, १९०४ ला लीग. १९६०-६१ च्या मोसमात लीगमध्ये १०० गोल मारून तिसरे आले आणि १९६७ मध्ये दुकान बंद!

माझं मत: मैदान आहे तसंच राहू द्या. डागडुजी नको, माहितीफलक नकोत, काही नको.

हिशेबनीस:
साफ असहमत. भग्नावशेषांवर प्रेम करणं सोपं असतं, त्यांना दर शनिवारी तिकीट काढावं लागत नाही. स्कॉटलंडमधल्याच पर्थचा सेंट जॉनस्टन क्लब बघा. आपलं जुनं मैदान मुइर्टन पार्क सुपरमार्केटला विकलं, ब्रूस मॅकडायर्मिड या शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीवर १९८९ मध्ये सगळ्यांना बसायला जागा असलेलं नवं स्टेडियम उभं केलं. २०१४ ला इतिहासातला पहिला स्कॉटिश कप, २०२१ ला एकाच मोसमात स्कॉटिश कप आणि लीग कप दोन्ही. जुन्या पायऱ्या कवटाळून बसले असते तर?

दक्षिणवारा:
हिशेबनीस साहेब, तुमचं उदाहरण बरोबर, पण इथे लागू होत नाही. थर्ड लॅनार्क मैदानाच्या प्रेमापायी बुडाला नाही. बुडवला. कारभारावर सरकारी चौकशी बसली, तिने संचालकांवर ताशेरे ओढले. मैदान विकून तिथे घरं बांधायचा बेत होता, महापालिकेने परवानगी दिली नाही. २५ एप्रिल १९६७ ला इथला शेवटचा सामना ३-३ सुटला, तीन दिवसांनी डम्बार्टन क्लबकडून ५-१ ने हरले आणि संपलं. जमीन विकून भलं होतं म्हणता, इथे जमिनीवरच डोळा होता.

कढीपत्ता:
थोडं अवांतर. या क्लबचं लाडकं नाव ‘हाय हाय’. म्हणजे पाठीराखे स्टँडमध्ये आपल्याच संघाच्या नावाने ‘हाय हाय’ ओरडायचे. आपल्याकडच्या मोर्चेकऱ्यांना हे समजावून सांगा बघू!

आता गंभीर. उभं राहून बघायच्या पायऱ्यांचं एवढं कौतुक मला झेपत नाही. २ जानेवारी १९७१, ग्लासगोतल्याच रेंजर्स क्लबचं मैदान आयब्रॉक्स. रेंजर्स-सेल्टिक सामना संपून लोक बाहेर पडत असताना तेरा नंबरच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, ६६ माणसं गेली. पुढे रेंजर्सने तीन बाजू पाडून नव्याने बांधल्या. कॅथकिन छान दिसतं ते तिथे आता कोणी येत नाही म्हणून. पन्नास हजार माणसं तिथे दाटीने उभी करा आणि मग कविता करा.

दक्षिणवारा:
आयब्रॉक्सचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. पण मी कुठे म्हणतोय की परत गर्दी भरा?

गोलकीपरची_आई:
तुम्हा तिघांचंही स्मरणरंजन किंवा हिशेब चालू द्या. माझा मुलगा कॅथकिनला खेळतो. पाऊस, चिखल, आणि आम्ही आईबाप त्या तुमच्या ऐतिहासिक पायऱ्यांवर थर्मास घेऊन. मागच्या शनिवारी शेवाळावरून अशी सटकले की कठडा नसता तर थेट गोलपोस्टमागे पोचले असते. (कठड्याचं काम चोख आहे, हे तेव्हा कळलं.) जपायचं म्हणजे हात लावायचा नाही, हा कुठला नियम? आजीचा पितळी डबा आपण जपतो ना, तो घासतोच की.

हिशेबनीस:
ताईंना +१. आणि एक विचारायचंय: ‘डागडुजी नको’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण तिथे सामना बघायला जातात?

दक्षिणवारा:
मी गेलो होतो, दुसऱ्या हाफमध्ये पावसाने पळवलं. ताई, शेवाळ काढायला माझी हरकत नाही, ब्रश घेऊन मीच येतो. कठड्याजवळच्या झाडाला मात्र कोणी हात लावला तर भांडेन.

हिशेबनीस:
ते झाड अजून दहा वर्षांत तुमच्या पायऱ्या फोडणार आहे. मग कोणाच्या बाजूने भांडणार?